ऑनलाइन कोर्स : सुरुवात एका स्वाध्यायापासून

ऑनलाइन कोर्स करायचा ठरला की चर्चा लगेच सामानाकडे वळते. प्लॅटफॉर्म कोणता घ्यायचा, माईक कसला, व्हिडिओचं एडिटिंग कोण करणार. या चर्चेत दोन-तीन आठवडे सहज जातात आणि तोवर शिकवण्याबद्दल एक ओळही लिहून झालेली नसते. आम्ही आता काम दुसऱ्या टोकाकडून धरतो. कोर्स संपताना शिकणाऱ्याने काय करून दाखवायचं, हे सगळ्यात आधी लिहायचं. मग ते जमलं की नाही हे ओळखता येईल असा स्वाध्याय तयार करायचा. आणि त्या स्वाध्यायापर्यंत पोचायला जेवढं सांगावं लागेल तेवढंच सांगायचं. सामानाचा विषय त्यानंतर निघतो आणि फार लवकर मिटतो.

तपशिलात बोलता यावं म्हणून इथे उदाहरण एकच ठेवलं आहे: स्प्रेडशीटमध्ये स्वतःच्या घरखर्चाचा हिशेब ठेवायला शिकवणारा चार आठवड्यांचा कोर्स. शिकणारे 12, शिक्षक एक. विषय कोणताही असो, कामाचा क्रम असाच राहतो.

सुरुवातीचं वाक्य लिहायला एक अख्खी दुपार गेली तरी चालेल. ‘स्प्रेडशीटची ओळख होईल’ किंवा ‘हिशेबाची समज येईल’ या वाक्यांचा उपयोग नाही, कारण समज आली की नाही हे बाहेरून दिसत नाही. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांच्या पायऱ्या मांडल्या. 2001 मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा पायऱ्यांच्या नावांत नामांच्या जागी क्रियापदं आली. हा बदल आमच्या कामाचा आहे. आमचं वाक्य असं होतं: ‘शिकणारा स्वतःच्या एका महिन्याच्या किमान 40 नोंदी भरेल, खर्चाच्या प्रत्येक प्रकाराची बेरीज सूत्राने काढेल आणि पुढच्या महिन्याची शीट कोणाच्या मदतीशिवाय सुरू करेल.’ तीन क्रियापदं आहेत आणि तिन्ही डोळ्यांनी तपासता येतात.

आता छाटणी. विषय येणारा माणूस काय काय शिकवायचं याची यादी करायला बसला की पंचवीसेक मुद्दे निघतात: सेलचं फॉरमॅटिंग, चार्ट, पिव्होट टेबल, रंगाचे नियम, शीटला कुलूप, प्रिंटची मांडणी. प्रत्येक मुद्द्यासमोर एकच प्रश्न विचारायचा: हे शिकवलं नाही तर शेवटचं काम अडेल का? न अडणारा मुद्दा ‘नंतर’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जातो. आमच्या यादीतले सहा मुद्दे उरतात. एका ओळीत एकच नोंद, तारीख आणि रक्कम नीट टाइप करणं, साधी बेरीज, प्रकारानुसार बेरीज, सूत्रातला पट्टा, म्हणजे कुठल्या सेलपासून कुठल्या सेलपर्यंत मोजायचं ते, डॉलरच्या चिन्हाने पक्का करणं, आणि प्रकारांची निवड-यादी. पिव्होट टेबल काढताना जीव तुटतो, कारण प्रकारवार बेरीज त्यात पटकन होते. पण त्याची मांडणी समजायला एक आठवडा जातो आणि नवी नोंद घातल्यावर ते ताजं करण्याची भानगड वेगळीच. ‘नंतर’ची फाइल मात्र खरोखर ठेवावी. मुद्दा कुठेतरी सुरक्षित आहे हे कळलं की तो कोर्सबाहेर ठेवणं सोपं जातं.

छाटणीनंतर वेळेचा हिशेब. नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्या माणसाकडून आठवड्याला तीन तासांहून जास्त मागू नयेत. त्या 180 मिनिटांची वाटणी आम्ही अशी करतो: पाहणं-वाचणं 20, स्वतः करणं 90, एकत्र भेट 40, प्रतिसाद वाचून दुरुस्ती 30. निम्मा वेळ हाताने काम करण्यात जायला हवा. बहुतेक कोर्समध्ये हे प्रमाण उलटं असतं, दोन तास पाहायचं आणि वीस मिनिटं करायचं, आणि पाहणं तर पुढे ढकलता येतंच. स्वाध्याय लिहिणाऱ्याला जे काम 20 मिनिटांत जमतं, त्याला नवशिक्याचा तास जातो असंच धरावं.

शिक्षकाचा वेळही आधीच मोजायचा. 12 जणांच्या कामावर प्रत्येकी 10 मिनिटं म्हणजे आठवड्याला 120 मिनिटं. रोज 20 मिनिटं प्रश्नांना, सहा दिवस, म्हणजे आणखी 120. भेट आणि तिची तयारी 70. एकूण पाच तासांच्या वर. 30 जण घेतले तर नुसत्या प्रतिसादालाच पाच तास लागतात, आणि मग सगळ्यात आधी प्रतिसादच आखडतो. म्हणून पहिली तुकडी 12 ते 15 जणांची. खूप मोठ्या तुकडीत काय होतं याचं ठळक उदाहरण 2011 सालचं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांसाठी मोफत खुला केला आणि सुमारे 1,60,000 जणांनी नाव नोंदवलं. पूर्ण करणारे 20 हजारांहून थोडे अधिक होते. तो मोठाच पराक्रम होता, पण तिथे तपासणी यंत्राकडे होती. आपला पहिला कोर्स माणसाने माणसाचं काम पाहण्यावर उभा असेल तर त्याचं माप वेगळं.

यानंतर लिहायला घेताना आम्ही पहिला आठवडा आधी लिहीत नाही, दुसरा लिहितो. पहिल्या आठवड्यात ओळखी, लॉगिन आणि स्वागत यांचीच गर्दी असते, त्यावरून कोर्सच्या रोजच्या चालीचा अंदाज येत नाही. दुसरा आठवडा पुरता जमला की बाकीचे त्याच साच्यात बसतात. आमच्या दुसऱ्या आठवड्यात प्रकारवार बेरीज आहे. त्या आठवड्याचा स्वाध्याय कसा घडतो ते जरा सावकाश सांगायला हवं, कारण कोर्सचं खरं बांधकाम तिथेच होतं.

स्वाध्याय चुकांपासून सुरू करायचा. या विषयात नवशिके कुठे अडखळतात ते आधी लिहून काढायचं. पहिली अडचण, रकमेच्या मागे चलनाचं नाव हाताने टाइप केलं की तो सेल आकडा न राहता मजकूर होतो. बेरजेचं सूत्र अशा सेलला गुपचूप वगळतं, कसलीही सूचना देत नाही. ओळखण्याची खूण एवढीच, की आकडे सेलच्या उजव्या कडेला टेकतात आणि मजकूर डाव्या. दुसरी, ‘प्रवास’ या शब्दानंतर एक जास्तीची मोकळी जागा पडली तर सूत्राच्या लेखी तो वेगळाच प्रकार ठरतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. तिसरी, सूत्र खाली ओढलं की पट्टाही खाली सरकतो. बी 2 ते बी 16 हा पट्टा एका ओळीने खाली गेला की बी 3 ते बी 17 होतो आणि वरची नोंद हिशेबातून निसटते.

मग 15 नोंदींची एक तयार फाइल करायची आणि तिच्यात या चुका मुद्दाम पेरायच्या. सगळ्या नोंदींची खरी बेरीज 8,450 आहे हे स्वाध्यायातच सांगून टाकायचं. शिकणाऱ्याने सूत्र लिहिलं की उत्तर 7,850 येतं, कारण 600 ची एक नोंद मजकूर म्हणून बसली आहे. फरक कुठला, ते त्याने शोधायचं. इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. पट्टा सरकण्याची चूक उघडी पडावी म्हणून दुसऱ्या ओळीतली, म्हणजे सगळ्यात वरची नोंद, सारांशात, म्हणजे प्रकारवार बेरजांच्या यादीत, तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या प्रकाराची ठेवायची. आमच्याकडे ती ‘औषधं’ची 300 ची नोंद आहे. ती पहिल्या प्रकाराची असेल तर पट्टा सरकूनही तिन्ही बेरजा योगायोगाने बरोबर येऊ शकतात, आणि शिकणारा चूक घेऊनच पुढे जातो. उदाहरणातले आकडे असे तोलून-मापून ठेवायला दोन तास लागले तरी ते व्हिडिओवर घालवलेल्या दोन दिवसांपेक्षा कामाचे.

तयार फाइल जमली की त्याच आठवड्यात शिकणाऱ्याने तेच सूत्र स्वतःच्या 10 नोंदींवर वापरायचं. दर आठवड्याला 10 याप्रमाणे चार आठवड्यांत 40 नोंदी आपोआप होतात. शेवटी मोठा प्रकल्प म्हणून वेगळं ओझं राहत नाही.

स्वाध्यायाच्या सूचना लिहिणं हे वेगळंच कसब आहे. ‘शीट तयार करून पाठवा’ एवढंच लिहिलं तर काय काय येतं? स्क्रीनचा मोबाइलवरून काढलेला फोटो, ज्यात सूत्र दिसतच नाही. पीडीएफ, त्यातही दिसत नाही. परवानगी न दिलेली लिंक. ‘शीर्षक नसलेली फाइल’ या नावाच्या चार फाइली. म्हणून सूचना सुटी करायची: फाइलचं नाव ‘आठवडा 2’ आणि त्यापुढे स्वतःचं नाव. शिक्षकाच्या ईमेलला कमेंट करण्याची परवानगी. लिंक फॉर्ममध्ये टाका. शनिवारी रात्री 9 पर्यंत. परवानगीचा प्रकार नेमका सांगावाच लागतो. फक्त पाहण्याची दिली तर शिक्षकाला सेलवर शेरा लिहिता येत नाही. बदल करण्याची दिली तर चुकून एखादा आकडा शिक्षकाच्याच हातून बदलतो. सूचनांखाली पूर्ण झालेल्या कामाचा एक नमुना आणि पाठवण्याआधी स्वतः तपासायचे चार मुद्दे.

घरखर्च ही खासगी गोष्ट आहे. काम ग्रुपवर टाकायला सांगितलं तर काही जण लाजून पाठवणारच नाहीत. रकमा बदलून लिहिल्या तरी चालतील, बँकेचा कोणताही क्रमांक शीटमध्ये नको, आणि शीट शिक्षकाशिवाय कोणी पाहणार नाही, हे तीन मुद्दे पहिल्याच दिवशी लिहून द्यावेत.

आता व्हिडिओ. स्वाध्याय हातात असला की व्हिडिओत काय यायला हवं हे आपोआप ठरतं: तो सोडवायला लागणारी एक युक्ती, बस. 2014 मध्ये ग्वो, किम आणि रुबिन या संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या चार कोर्समधल्या 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास केला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर जात नाही, असं त्यांना आढळलं. आपण मिनिटाला साधारण 120 शब्द बोलतो, म्हणजे सहा मिनिटांना 700 शब्दांची संहिता पुरते. ती लिहून काढावी. न लिहिता बोललं तर तेच सहा मिनिटांचं काम चौदा मिनिटांवर जातं.

रेकॉर्डिंग एका दमात करू नये. मिनिट-सव्वा मिनिटाचे पाच-सहा तुकडे करावेत, म्हणजे चूक झाली तर तेवढाच तुकडा पुन्हा घेता येतो. मोबाइलबरोबरच्या वायरच्या इअरफोनचा माईक तोंडापासून वीतभर अंतरावर धरला, पंखा बंद केला आणि खोलीत पडदे-गाद्या असल्या तर आवाज पुरेसा स्वच्छ येतो. चित्र थोडं धूसर असलं तर लोक निभावून नेतात, आवाज घुमला तर व्हिडिओ बंद करतात. स्प्रेडशीट दाखवताना झूम 150 टक्क्यांवर ठेवावा, कारण बरेच जण मोबाइलवर पाहतात. स्लाइडवर लिहिलेलीच वाक्यं मोठ्याने वाचून दाखवू नयेत. एकच मजकूर डोळ्यांनी वाचताना आणि कानांनी ऐकताना लक्ष दोन ठिकाणी ओढलं जातं आणि मधल्या मधे अर्थ निसटतो. ‘येत्या सोमवारी’ किंवा ‘मागच्या भेटीत पाहिलं तसं’ असं व्हिडिओत बोलू नये. पुढच्या तुकडीला तो तुकडा निरुपयोगी होतो.

फाइलचा आकारही मोजून घ्यावा. सहा मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला 4 मेगाबिट दराने ठेवला तर 180 एमबी होतो. 700 किलोबिट दराने ठेवला तर 32 एमबीच्या आत बसतो आणि झूम नीट असेल तर त्यातही सेल वाचता येतात. नुसता आवाज 64 किलोबिट दराने जेमतेम 3 एमबी. तिन्ही नाही, तरी व्हिडिओ आणि त्याची लिखित संहिता एवढं प्रत्येक धड्याबरोबर द्यावंच. संहिता तयार असतेच, तिच्यातूनच उपशीर्षकं होतात, ऐकू कमी येणाऱ्यांची सोय होते, आणि कमी डेटावर शिकणाराही मागे राहत नाही. मेनूत कुठे क्लिक करायचं यासारख्या गोष्टी मात्र व्हिडिओत घालूच नयेत. सॉफ्टवेअरचा चेहरा बदलला की अख्खा व्हिडिओ जुना होतो, तर पानावरचं एक चित्र पाच मिनिटांत बदलता येतं.

आठवड्याचं पान एकच, वरून खाली वाचत जाण्याजोगं, 300 शब्दांच्या आसपास. या आठवड्यात काय जमेल, काय पाहायचं, काय करायचं, कुठे पाठवायचं, अडलं तर कुठे विचारायचं. दर आठवड्याला हाच क्रम, हेच शब्द. एका पानावर ‘स्वाध्याय’, दुसऱ्यावर ‘असाइनमेंट’ आणि भेटीत ‘टास्क’ म्हटलं तर तीन वेगळी कामं आहेत असं वाटून लोक विचारत बसतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिक्या करड्या अक्षरांत काही लिहू नये. साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्टचं प्रमाण किमान 4.5 ला 1 असावं, असं वेब-सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

आणि आता साधनं. लागतात चार जागा: पान ठेवायला, काम गोळा करायला, प्रश्न विचारायला, भेटायला. एक सामायिक डॉक्युमेंट, एक फॉर्म, शिकणारे आधीपासून वापरत असलेला एक ग्रुप आणि भेटीची कायमची एकच लिंक. संस्थेकडे मूडलसारखी कोर्स चालवायची व्यवस्था आधीच असेल तर ती वापरावी, पण तिच्यातले कॅलेंडर, बॅज, सूचनांचे चौकोन बंद करून. नवं खातं म्हणजे नवा पासवर्ड, आणि दर नव्या पासवर्डपाशी एखादा माणूस गळतो.

कोर्स उघडण्याआधी चाचणी. विषय न येणाऱ्या दोन जणांना दुसऱ्या आठवड्याचं पान द्यायचं, त्यातला एक जण मोबाइलवर. त्यांच्या शेजारी किंवा स्क्रीन शेअर करून बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे फार अवघड जातं, ‘तिथे नाही, वर बघा’ हे शब्द ओठांवर येतात. पण बोललं की चाचणी वाया. माणूस अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबला की ती जागा कागदावर नोंदवायची, एवढंच काम. दोन तासांत दहा-पंधरा नोंदी होतात. त्यातल्या बहुतेक सूचनेच्या शब्दांच्या असतात, विषयाच्या नसतात. आमच्या कोर्सच्या बाबतीत चाचणीत हेही कळतं, की नोंदी भरायला मोबाइल पुरतो, पण निवड-यादी करायला आणि पट्टा पक्का करायला मोबाइलवर फार खटपट होते. तेव्हा ‘आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटर हाताशी हवा’ ही अट नावनोंदणीच्या आधीच सांगायला हवी.

सुरू होण्याच्या तीन दिवस आधी एक छोटं काम द्यायचं: पान उघडा, फॉर्ममध्ये स्वतःबद्दल एक ओळ लिहा, कोणतीही एक फाइल जोडा. विषयाचा त्यात काहीच भाग नाही. पण लॉगिनची, परवानगीची, बंद पडलेल्या ईमेलची सगळी गाऱ्हाणी इथेच बाहेर येतात आणि पहिला आठवडा त्यांच्यात बुडत नाही. दोन दिवसांत ज्यांचं काम आलं नाही त्यांना वैयक्तिक निरोप पाठवायचा, सामूहिक आठवण नाही. सामूहिक आठवण ज्यांनी काम केलंय तेच वाचतात.

कोर्स सुरू झाला की आठवड्याचा ताल ठरलेला हवा. सोमवारी सकाळी नवं पान आणि चार ओळींचा निरोप, गुरुवारी संध्याकाळी भेट, शनिवारी रात्री काम जमा, सोमवारपर्यंत प्रतिसाद. रविवारी प्रश्नांना उत्तरं मिळणार नाहीत हेही सांगून टाकावं. ठरलेली सुट्टी कोणाला खटकत नाही, अचानक पडलेली शांतता खटकते.

नव्या पानाच्या आधी मागच्या आठवड्यावरचे तीन प्रश्न, पान बंद करून आठवणीतून सोडवायचे, गुणांशिवाय. ‘सेलमधला आकडा मजकूर झाला आहे हे कशावरून ओळखाल?’ अशा धाटणीचे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी केलेल्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत जास्त आठवलं, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे होते. तीन प्रश्नांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो प्रतिसादात. ‘छान’, ‘उत्तम प्रयत्न’ यातून शिकणाऱ्याला काहीच मिळत नाही. पाच चुका दिसल्या म्हणून पाचही लिहिल्या तर तो दडपून जातो. आम्ही तीन गोष्टी लिहितो: काय बरोबर झालं, सेलच्या पत्त्यासकट, सगळ्यात महत्त्वाची एक दुरुस्ती, आणि ती शोधायची वाट, उत्तर नाही. असा:

‘नमस्कार. एका ओळीत एक नोंद हा नियम तुम्ही शेवटपर्यंत पाळला आहे आणि सी 9 मधली मजकूर झालेली रक्कमही शोधली आहे. एफ 4 मधली औषधांची बेरीज मात्र 300 ने कमी येते आहे. एफ 2 मधलं सूत्र खाली ओढल्यावर पट्टा कुठून कुठे गेला, ते एफ 4 वर क्लिक करून पाहा. दुरुस्त करून याच लिंकवर ठेवा, बुधवारी मी पुन्हा पाहीन.’

एवढं लिहायला चार मिनिटं लागतात, उरलेली सहा शीट नीट पाहण्यात जातात. त्याच त्या चुकांवरचे शेरे एका पानावर साठवून ठेवले तर हात वाचतो, पण प्रत्येक प्रतिसादात निदान एक वाक्य त्या माणसाच्याच शीटमधलं हवं. ते नसेल तर लोकांना लगेच कळतं. पुन्हा पाठवण्याची संधी एकदा द्यायचीच, कारण दुरुस्ती करताना जे पक्कं होतं ते पहिल्या वेळी होत नाही. 12 पैकी चार जणांनी एकच चूक केली असेल तर दोष आपल्या पानाचा मानायचा आणि ती चूक गुरुवारच्या भेटीत घ्यायची.

भेट 40 मिनिटांची. पहिली पाच मिनिटं लोक येईपर्यंत स्क्रीनवर एक छोटं कोडं, दहा मिनिटं आठवड्यातल्या नेहमीच्या चुका, वीस मिनिटं सगळ्यांनी मिळून एक काम, शेवटी पुढच्या आठवड्याची दोन वाक्यं. नवं व्याख्यान भेटीत देऊ नये, ते व्हिडिओत आहे. ‘कळलं का?’ हा प्रश्न तर ऑनलाइन भेटीत विचारूच नये. उत्तर शांतता असते किंवा एक ‘हो’, आणि दोन्हींतून काही समजत नाही. त्याऐवजी ‘एफ 3 मध्ये कोणता आकडा दिसतोय, चॅटमध्ये लिहा’ म्हणावं आणि घड्याळ पाहून 40 सेकंद थांबावं. शिक्षकाला ती शांतता फार मोठी वाटते, पण समोरचा माणूस खिडकी बदलून, सेल शोधून, टाइप करत असतो. रेकॉर्डिंग चुकांच्या दहा मिनिटांचंच करावं, तेही सांगून. सगळ्यांच्या कामाचा भाग रेकॉर्ड होतोय म्हटलं की कोणी स्वतःची शीट दाखवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात निवड-यादी येते. दुसऱ्या आठवड्यात मोकळ्या जागेने चुकलेली ‘प्रवास’ची बेरीज सगळ्यांनी अनुभवलेली असते, त्यामुळे प्रकार टाइप न करता यादीतून का निवडायचा हे समजावत बसावं लागत नाही. चौथ्या आठवड्यात नवं काहीच नसतं. मागे पडलेल्यांनी भरपाई करायची, बाकीच्यांनी 40 नोंदी पुऱ्या करायच्या. हा मोकळा आठवडा नसेल तर दुसऱ्या आठवड्यात आजारी पडलेला माणूस परत येत नाही, कारण त्याला मागचं आणि पुढचं एकदम दिसतं.

संपूर्ण कोर्सभर एक साधी नोंदवही चालू ठेवायची: तारीख, कोणत्या पानावर, कोण कुठे अडलं, काय उपाय केला. दुसऱ्या तुकडीआधी तीच उघडायची. सूचनांचे शब्द पहिल्यांदा सुधारायचे, मग स्वाध्यायातले आकडे, मग गरज पडली तर व्हिडिओचा एखादा तुकडा. नवा विषय सगळ्यात शेवटी. पाच जणांनी चार्ट मागितला असला तरी चार्ट ‘नंतर’च्या फाइलमध्येच राहतो, जोवर शेवटचं काम त्याच्यावाचून अडत नाही.

कोर्स संपल्यावर महिन्याने 12 जणांना एक निरोप जातो: नव्या महिन्याची शीट सुरू केली असेल तर लिंक पाठवा, केली नसेल तर कुठे थांबलात ते एका ओळीत लिहा. सुरुवातीच्या वाक्यातलं तिसरं क्रियापद इथेच तपासलं जातं. ‘जुन्याच शीटमध्ये खाली भरत गेलो’ असं उत्तर तीन-चार जणांकडून आलं, तर तिसऱ्या आठवड्याचं पान पुन्हा लिहायला घ्यायचं.